दोन डोंगरांवरच्या महादेवाला

शंभो महादेवा, आमच्या सातारा जिल्ह्याच्या दोन टोकांना तू दोन डोंगरांवर बसला आहेस. पश्चिमेला क्षेत्र महाबळेश्वर. तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तुझं रुद्राक्षासारखं खडबडीत लिंग कायम ओलं असतं. पूर्वेला माण तालुक्यात शिखर शिंगणापूर. तिथं पाचशे मिलिमीटर पडला तर वर्ष बरं गेलं म्हणतात. आणि चैत्रात, डोंगर उन्हानं भाजून निघालेला असताना, तुला अंघोळ घालायला माणसं मुंगी घाटाच्या उभ्या चढावरून खांद्यावर कावडी घेऊन येतात. या दोन ठिकाणांमध्ये गाडीनं दीडशे किलोमीटरही अंतर नाही. पाऊस वाटताना तू असा हात आखडता का घेतलास ते तुझं तुला ठाऊक. ऊन मात्र दोन्हीकडं धाडतोस.

माझं माहेर माणात आणि सासर जावळीत. त्यामुळं माझी अर्धी प्रार्थना पाऊस यावा म्हणून असते आणि अर्धी तो थांबावा म्हणून. दोन्ही मागणी एकाच दिवशी एकाच देवापुढं ठेवायला मलाच संकोच वाटतो. म्हणून आज पानांबद्दल बोलते. शाळेत विज्ञान शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. जे फळ्यावर लिहिलं ते तुझ्यापुढं एकदा नीट बोलून दाखवावं, असं बरेच दिवस मनात होतं. तुला हे सगळं माहीत आहे. पण प्रार्थनेत देवाला माहीत असलेलंच सांगायचं असतं.

तुझ्या डोक्यावर आम्ही बेलाचं त्रिदळ ठेवतो. तोडलेलं पान लगेच मरत नाही. उजेड असेल तर त्याचं काम काही वेळ चालू राहतं. गाभाऱ्यातल्या अंधारात मात्र ते नुसता श्वास घेतं आणि साठवलेली साखर खर्च करतं. म्हणजे तुला आम्ही जे वाहतो ते जिवंत असतं, आणि तुझ्या डोक्यावर ते उपाशी असतं. हे समजल्यापासून मी बेल कमी वाहते. त्यावरून सासूबाई माझ्यावर रागावल्या होत्या. तू रागावला नसशील अशी आशा आहे.

झाड काय खातं हा प्रश्न माणसाला फार उशिरा पडला. माती खाऊन झाड वाढतं असं आमच्याकडं अजूनही बोललं जातं. सतराव्या शतकात ब्रुसेल्सकडच्या व्हॅन हेल्मोंटनं ते तपासून पाहिलं. दोनशे पौंड कोरडी माती तोलून कुंडीत भरली, पाच पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर जेमतेम दोन औंस कमी भरली. झाड पाण्याचंच बनतं, असं त्यानं ठरवलं. ते निम्मं बरोबर होतं. उरलेलं निम्मं हवेत होतं. कोळसा जळताना एक वेगळा वायू निघतो हे ओळखणारा माणूसही तोच, तरी झाडाचा हिशेब मांडताना त्याला तो वायू आठवला नाही. पुढं १७७१ साली प्रिस्टलीनं पाहिलं की मेणबत्ती जळून खराब झालेली हवा पुदिन्याची डहाळी ठेवली की काही दिवसांनी पुन्हा चांगली होते. आणि १७७९ साली इंजेनहाउझनं लंडनजवळ एका उन्हाळ्यात पाचशेहून जास्त प्रयोग करून दाखवलं की हे काम झाडाचा हिरवा भागच करतो, आणि तेही उजेड असतानाच. रात्री तेच झाड आपल्यासारखीच हवा खराब करतं. इतका खटाटोप करून आम्हाला जे कळलं, ते तू सीताफळाच्या साध्या पानात केव्हाच घालून ठेवलं होतंस.

महादेवा, पान पाणी फोडतं. सगळ्या विज्ञानात याच्याइतकं नवल मला दुसऱ्या कशाचं वाटलं नाही. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. उन्हातला निळा आणि लाल भाग तो रेणू धरून ठेवतो आणि हिरवा बराचसा सोडून देतो. जावळीचं खोरं श्रावणात आम्हाला हिरवंगार दिसतं ते पानांनी परत केलेल्या उजेडामुळं. धरलेल्या उजेडाचा जोर पोचतो चार मँगनीज आणि एक कॅल्शियम एवढ्याच धातूंच्या एका इवल्याशा पुंजक्यापर्यंत. उजेडाचे चार धक्के त्याच्यात साठतात, मग पाण्याचे दोन रेणू फुटतात आणि त्यांतून ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. झाडानं दिलेला ऑक्सिजन पाण्यातूनच येतो, कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, हे १९४१ साली रूबेन, कामेन आणि त्यांच्या सोबत्यांनी जड ऑक्सिजन वापरून दाखवलं. सासवडची कावड घाट चढून वर येते तेव्हा ती धरणाऱ्यांच्या धापा टाकणाऱ्या छातीत जो ऑक्सिजन जात असतो, तोही कधीतरी, कुठल्यातरी पानात, पाण्यातच होता.

हे काम सोपं नाही, आणि सुखाचंही नाही. भर दुपारच्या उन्हात या फोडाफोडीच्या जागचं एक प्रथिन अर्ध्या-एक तासात निकामी होतं. पान ते काढतं, नवं बनवून तिथं बसवतं, आणि तेही पुन्हा निकामी होतं. दिवसभर हेच चाललेलं असतं. आम्ही झाडाखाली सतरंजी टाकून म्हणतो, किती शांत सावली आहे.

पाण्यातून मिळालेल्या बळावर पान हवेतला कार्बन पकडून साखर करतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत कॅल्विन, बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरव्या शेवाळाला किरणोत्सारी कार्बन द्यायचा, काही सेकंदांतच ते गरम अल्कोहोलमध्ये सोडून सगळं जागच्या जागी थांबवायचं, आणि कार्बन कुठवर पोचला ते पाहायचं, असं करत ती सगळी वाट शोधली. १९६१ चं नोबेल त्या कामाला मिळालं. इतकं सगळं होऊनही शेतावर पडलेल्या उन्हातला साधारण शंभरावा हिस्साच पिकाच्या अंगी लागतो. बाकीचं ऊन तू नुसतंच उधळतोस. यावर माझं काही म्हणणं नाही. तुझ्याकडं ते भरपूर आहे.

माझी तक्रार दुसरीच आहे.

पानाला बारीक बारीक दारं असतात, साध्या डोळ्यांना न दिसणारी. कार्बन आत यायचा तर दार उघडायला हवं. आणि दार उघडलं की आतली ओल बाहेर निघते. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू आत येईपर्यंत पाण्याचे शेकडो रेणू निघून गेलेले असतात. मुळांनी एवढ्या कष्टानं ओढलेल्या पाण्यातलं पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त असंच हवेत जातं, पानाच्या स्वतःच्या उपयोगाला थोडंसंच येतं. भूक भागवायची तर तहान वाढवायची, आणि तहान आवरायची तर उपाशी राहायचं, अशी ही अट आहे. ती तू महाबळेश्वरच्या जांभळाला घातलीस आणि माणच्या बाभळीलाही घातलीस. जांभळाला तिचं काही वाटत नाही. बाभळीच्या अंगावर काटे आले.

आणखीही एक आहे. कार्बन पकडायचं काम तू ज्या प्रथिनाकडं दिलंस त्याला रुबिस्को म्हणतात, आणि ते फार मंद आहे. सेकंदाला कसेबसे तीन-चार रेणू पकडतं. त्यातही चार-पाचांतून एखाद्या वेळी कार्बनऐवजी ऑक्सिजनच धरून बसतं. मग ती चूक निस्तरायला पान कमावलेली साखर खर्च करतं. ऊन तापलं की चुका वाढतात. वर्गात हे शिकवताना एका मुलीनं विचारलं होतं, बाई, देवानं असं का केलं? कारण जुनं आहे. या प्रथिनाची घडण झाली तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच, त्यामुळं त्याच्यात आणि कार्बन डायऑक्साइडमध्ये नीट भेद करायची गरजही नव्हती. मग पाणी फोडणारे जीव आले, समुद्रातले निळे-हिरवे जीवाणू, आणि त्यांनी सोडलेला ऑक्सिजन सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत साठू लागला. हिरव्यांनीच हवा बदलली आणि हिरव्यांचंच काम अवघड झालं. तू ते प्रथिन बदललं नाहीस. तेच घेऊन निभवायला लावलंस. झाडांनी जे जे उपाय काढले, ते सगळे मला या एका अडचणीच्या भोवती फिरताना दिसतात.

तुझ्या ओल्या डोंगराची अडचण निराळी. साताऱ्याच्या वर कासचं पठार आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर तेही जागतिक वारशात गेलं. जांभ्याचं सपाट कातळ, वर कुठं बोटभर माती, कुठं तेवढीही नाही. चार महिने पाणी इतकं की ती मातीही धुऊन निघते, आणि तिच्याबरोबर नत्र जातं. नत्राशिवाय हरितद्रव्य होत नाही, रुबिस्को तर मुळीच होत नाही. ते मंद असल्यामुळं पानाला त्याचा भलामोठा साठा लागतो आणि पानातलं बरंचसं नत्र त्यातच अडकून पडतं. म्हणून तिथं काही झाडांनी किडे धरायला सुरुवात केली. सीतेची आसवं म्हणून जी निळी-जांभळी नाजूक फुलं भाद्रपदात पठारभर डोलतात, त्यांच्या बुडाशी ओल्या मातीत टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान फुगे असतात. फुग्याच्या तोंडाशी असलेल्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा धक्का लागला की सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत तो जीव पाण्यासकट आत ओढला जातो. शेजारी दवबिंदू असतो. त्याच्या पानावरचे थेंब चिकट आणि चमकते. माशी बसते ती उठत नाही. पर्यटक त्याला मांसाहारी झाड म्हणून नाक मुरडतात आणि फोटोही काढतात. पण तो किड्यावर पोट भरत नाही. पोट त्याचंही उन्हावरच भरतं. किड्यातून तो घेतो नत्र आणि स्फुरद, जे त्या धुतलेल्या कातळावर तू ठेवलं नाहीस.

वायतुरा त्याच पठारावरचा. त्याच्या शास्त्रीय नावात साताऱ्याचं नाव आहे. पावसाच्या चार महिन्यांत तो जेवढं कमावतो तेवढं कंदात भरून ठेवतो आणि उरलेलं वर्ष मातीखाली काढतो. टोपली कारवी तर सात वर्षं साठवते आणि मग एकदाच सगळं फुलावर घालवते. पावसाळ्यात ढग आठवडेच्या आठवडे पठारावरून हलत नाहीत, तरी धुक्यातून गळून येणाऱ्या त्या फिकट उजेडात या सगळ्यांची वर्षाची बेगमी होते. महाबळेश्वरच्या राईत तर त्याहून कमी. जांभूळ आणि अंजनीच्या छताखाली जमिनीपर्यंत शंभरातला एक-दोन भाग उजेड पोचतो. तिथली पानं रुंद, पातळ, गडद हिरवी, आणि वाऱ्यानं फांदी हलली की क्षणभर येणारा उन्हाचा कवडसा पकडायला तयार. आमच्या खाचरातला भात गुडघाभर चिखलात उभा असतो. चिखलातल्या मुळांना हवा मिळत नाही, म्हणून तो खोडातल्या पोकळ्यांतून वरची हवा खाली पोचवतो. सासरकडं पाणी फार आहे म्हणून तिथं सुखच सुख असेल, हा माझ्या माहेरच्या लोकांचा समज आहे.

आता माहेरचं सांगते, आणि इथं मला जरा जास्त वेळ दे.

ज्वारीला तू काय शिकवलंस ते तुझ्या लक्षात आहे का? रुबिस्को चुकतं ते ऑक्सिजनच्या गर्दीत. ज्वारीनं त्याला गर्दीतून बाजूला काढलं. पानाच्या शिरांभोवती पेशींचं एक कडं केलं आणि रुबिस्कोला त्याच्या आत बसवलं. बाहेरच्या पेशींत दुसरं एक प्रथिन आहे, ते ऑक्सिजनला भुलत नाही. ते कार्बन पकडून चार कार्बनांच्या आम्लाच्या रूपात आत नेऊन सोडतं. आत कार्बनच इतका दाटतो की रुबिस्कोच्या हातून चूक व्हायला फारसा वाव राहत नाही. असं काहीतरी चालतं याचा सुगावा आधी हवाईत उसावर काम करणाऱ्यांना लागला. पुढं हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात ती रीत उलगडली. ऊस, मका, बाजरी, नाचणी, हरळीसुद्धा, सगळ्यांची रीत हीच. भात आणि गहू मात्र जुन्या रीतीनं चालतात. याचा फायदा नुसत्या साखरेत नाही, पाण्यात आहे. कार्बन इतक्या हुशारीनं पकडता येतो म्हणून दारं थोडीच उघडली तरी भागतं. तेवढ्याच पाण्यात ज्वारी भातापेक्षा बरंच जास्त कमावते.

आणि शाळूचं, म्हणजे रब्बीच्या ज्वारीचं म्हणशील, तर तो पाऊस संपता संपता पेरला जातो. पुढं त्याच्या वाट्याला बहुतेक एकही पाऊस येत नाही. काळ्या जमिनीनं पोटात जी ओल धरली असेल तिच्यावरच सगळं. मुळं खोल खोल जातात. खोडावर पांढरी मेणाची भुकटी धरते. दुपारी पानं सुरळी करून घेतात म्हणजे उन्हाला अंग कमी दिसतं. ताण फारच पडला तर वाढ थांबवून नुसता तग धरतो, आणि ओल मिळाली की पुन्हा सुरू होतो. बाया-माणसं कोळपं घालून जमिनीच्या भेगा बुजवतात, तेवढीच ओल आत राहते. पोटऱ्यात येतो, निसवतो, हुरड्यावर येतो. मोहोळला निवडलेली मालदांडी ३५-१ आमच्याकडं अजून पेरतात. नवी वाणं जास्त उतारा देतात, पण मालदांडीच्या भाकरीला आणि कडब्याला लोक सोडायला तयार नाहीत. माझंही मत तेच आहे, आणि ते विज्ञानाच्या बाईचं नाही, माणच्या लेकीचं आहे.

निवडुंगाची तर कमालच. त्यानं दार उघडायची वेळच बदलली. दिवसभर बंद, रात्री गारव्यात उघडं. रात्री पकडलेला कार्बन आम्ल करून साठवायचा आणि दिवसा दारं लावून, उन्हाच्या मदतीनं, त्याची साखर करायची. घायपात, कोरफड, पानफुटी, सगळे याच वळणाचे. पानफुटीचं हे गुपित आपल्याच देशात चावून कळलं. बेंजामिन हाइन नावाचा एक वनस्पतीतज्ज्ञ इथं काम करत होता. त्यानं लिहून ठेवलं की सकाळी हे पान आंबट लागतं, दुपारी बेचव होतं आणि संध्याकाळकडं कडवट. हे १८१५ साली छापून आलं. आंबटपणा म्हणजे रात्री पकडलेल्या कार्बनचं आम्ल, हे नीट कळायला पुढं शंभराहून जास्त वर्षं गेली. शाळेच्या कुंडीतलं पान मी मुलांना सकाळी आणि दुपारी चाखायला द्यायचे. सकाळी तोंडं वाकडी व्हायची. ही रीत फार सावकाशीची आहे, वाढ बेताची होते. पण शिंगणापूरच्या उघड्या उतारावर मे महिन्यात हिरवं असतं ते हेच.

बाकीच्यांनी ज्याला जमलं ते केलं. बाभळीनं पानं इतकी बारीक केली की ऊन त्यांच्यातून निसटून जावं. नेपतीनं वर्षातला बहुतेक काळ पानंच सोडून दिली, हिरव्या फांद्यांवर काम चालवलं. पळसानं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळली आणि तेवढ्यात फुलून घेतलं. कुसुंबाची कोवळी पालवी लालभडक येते. नव्या पानाला तीव्र ऊन सोसत नाही, तोवर तो रंग त्याची राखण करतो असं जाणकार म्हणतात. कोणी पळून गेलं नाही. पळायला त्यांना पाय नाहीत, हे खरं. आमच्याकडची माणसं मात्र ऊसतोडीला जातात, मुंबईला जातात, आणि मागं राहिलेली शाळूला कोळपं घालतात.

अमरवेल तू का केलीस, ते मला कळत नाही. तिला ना मुळं ना पानं, बोरीच्या डोक्यावर पिवळी जाळी पसरते आणि तिच्या अंगातलं ओढून घेते. टारफुला तर त्याहून वाईट. अंगानं हिरवा, म्हणजे उन्हावर पोट भरायला मोकळा, तरी शाळूच्या मुळात तोंड घालून बसतो. त्याला तू शिक्षा कर, असं मागणार होते. पण मग आठवलं की आम्हीही तेच करतो, फक्त चूल पेटवून करतो. म्हणून ते मागणं मागं घेते.

आता जे मागायचं ते मागते.

डोंगरावर आलेल्यांना फुलांत बसून फोटो काढायची बुद्धी देऊ नकोस. बोटभर मातीवर एक बूड टेकलं की सीतेच्या आसवांचे फुगे चिरडतात आणि ते कोणाला दिसतही नाही. आणि फाल्गुन-चैत्रात डोंगराला काडी लावणाऱ्यांचा हात धर. जाळल्यावर गवत चांगलं येतं असा समज आमच्याकडं पिढ्यांपिढ्यांचा आहे. जळतात ती कोवळी रोपं आणि मातीत पडलेलं बी. पहिल्या पावसाला वरची माती मोकळी होऊन नदीला जाते.

हवेतला कार्बन आम्ही वाढवला आहे. कारखाने सुरू व्हायच्या आधी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला. पानांना जास्त मिळालं की पिकं जोमानं येतील, असं सांगणारे भेटतात. थोडं येतीलही, भातासारखी जुन्या रीतीची. पण असा भात-गहू वाढवून पाहिला तेव्हा दाण्यातलं प्रथिन, लोह आणि जस्त कमी झालेलं आढळलं. आणि त्याच कार्बननं ऊन तापतं, ऊन तापलं की रुबिस्को जास्त चुकतं. ही बढाई मारणाऱ्यांना जरा थांबव. त्यांना दुपारी माणातल्या शेतात उभं कर.

आणखी एक मागणं आहे, आणि ते थोडं अवघड आहे, कारण माझेच भाऊबंद ऐकत असतील. कृष्णा तुझ्याच महाबळेश्वरात उगम पावते. आता जिहे-कठापूर योजनेचे पंप तिचं पाणी उचलून खटाव-माणाकडं नेतात. एका डोंगरावरच्या महादेवाचं पाणी दुसऱ्या डोंगरावरच्या महादेवाच्या दारी, हे ऐकून माझी आई असती तर तिनं दिवा लावला असता. पण पाणी दिसलं की लोकांच्या मनात ऊस येतो. ऊस वाईट नाही, तो ज्वारीच्याच हुशारीचा आहे. पण आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो आणि दीड वर्ष त्याची दारं उघडी असतात. राज्यातल्या जमिनीच्या लहानशा तुकड्यावर तो असतो आणि सिंचनाच्या पाण्याचा मोठा वाटा पितो. पाचशे मिलिमीटरच्या गावात तो लावणं मला पटत नाही. माझ्या भावाला ते समजाव. मी समजावून पाहिलं, तो म्हणाला, ज्वारीला भाव दे मग बोल. त्याचं म्हणणंही तुझ्यापुढं ठेवते, कारण ते खोटं नाही. भाव देणं तुझ्या हातात नसेल तर ज्यांच्या हातात आहे त्यांना शिंगणापूरचा घाट एकदा चैत्रात पायी चढायला लाव.

जावळीत भात निसवतो आहे, तिथला पाऊस आता हळूहळू आवर. माणात उत्तरा कोरडी गेली, वापसा नाही, पाभर दावणीला टेकून ठेवली आहे. हस्ताचा एक पाऊस दे, वीतभर खोल ओल जाईल एवढा, आणि तो या पंधरवड्यात दे. दिवाळीनंतर दिलास तर त्याचा शाळूच्या पेरणीला काही उपयोग नाही.